गादी बदलली, कंबर तीच!

"डॉक्टर, गादी कुठली घेऊ?"

कंबरदुखीचा पेशंट खुर्चीत टेकता टेकता हा प्रश्न विचारतो, तेव्हा तो गादीच्या दुकानात आधीच जाऊन आलेला असतो. मोबाइलमध्ये फोटो असतो. गादीवर 'ऑर्थोपेडिक' असं ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, बाजूला पाठीच्या कण्याचं लाल-निळं चित्र असतं आणि किंमत बारा हप्त्यांत फोडून दाखवलेली असते. पेशंटला माझ्याकडून तपासणी नको असते. फक्त होकार हवा असतो.

मी तो होकार देत नाही. का, ते आज जरा स्पष्टच लिहितो. गादी विकणाऱ्यांना राग येईल, आणि माझ्या काही डॉक्टर मित्रांनाही. कारण कंबरदुखीचं खापर गादीवर फोडण्याची सवय एकट्या दुकानदारांनी लावलेली नाही. त्यात आम्हा डॉक्टरांचा मोठा हात आहे.

आधी आमची चूक

मी शिकत होतो तेव्हा कंबर धरली की एक ठरलेलं वाक्य होतं: "कॉटवर फळी टाका, कडक जागेवर झोपा, पंधरा दिवस आराम करा." आमचे सर सांगायचे, म्हणून आम्ही सांगायचो. प्रॅक्टिस सुरू केल्यावर मीही कितीतरी जणांना हेच सांगितलं. लोकांनी प्लायवुड कापून आणलं, गाद्या माळ्यावर टाकल्या, सतरंजीवर झोपले. काही जण पंधरा दिवस पडून राहिले आणि उठले तेव्हा आधीपेक्षा जास्त आखडलेले होते.

खरं तर १९८६ मध्येच अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं होतं, की कंबरदुखीत सात दिवस झोपून राहण्याने दोन दिवसांच्या आरामापेक्षा काहीही जास्त फायदा होत नाही. फक्त कामाचे दिवस जास्त बुडतात. १९९५ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी शहरात तीन गट करून पाहिले: एकाला आराम, एकाला कंबरेचे व्यायाम, आणि एकाला "सहन होईल तेवढी रोजची कामं चालू ठेवा" एवढाच सल्ला. सर्वांत लवकर कोण सावरलं? रोजची कामं करणारे. सर्वांत उशिरा? झोपून राहिलेले.

म्हणजे पुरावा समोर होता आणि आम्ही फळीच सांगत बसलो होतो.

'जितकी कडक, तितकी चांगली' हे खोटं आहे

गादीच्या बाबतीत सर्वांत जास्त सांगितला जाणारा अभ्यास स्पेनमधला आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो २००३ मध्ये आला. बऱ्याच काळापासून कंबर दुखणाऱ्या ३१३ लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला कडक गादी दिली, दुसऱ्याला मध्यम कडक. नव्वद दिवसांनी पाहिलं तर अंथरुणात पडल्यावरचा त्रास, उठतानाचा त्रास आणि रोजच्या कामातली अडचण, या तिन्ही बाबतींत मध्यम कडक गादीवाले जास्त बरे होते.

याचं कारण समजायला सोपं आहे. तुमचं शरीर पाटासारखं सपाट नाही. कुशीवर झोपलात की खांदा आणि कमरेचं हाड पुढे येतं. पृष्ठभाग फारच कडक असेल तर सगळं वजन या दोन ठिकाणी येतं आणि मधली कंबर अधांतरी राहते. उलट गादी फार मऊ किंवा मध्ये खड्डा पडलेली असेल तर कमरेचा भाग खाली जातो आणि कणा झोळीसारखा वाकतो. दोन्हींच्या मधली गादी म्हणजे मध्यम.

पण या अभ्यासातून काय सिद्ध होत नाही, तेही लक्षात घ्या. अमुक कंपनीची गादी कंबर बरी करते, असं त्यात कुठेही नाही. सत्तर हजारांची गादी आठ हजारांच्या गादीपेक्षा चांगली, असंही नाही. गादीवर 'ऑर्थोपेडिक' छापलं म्हणून ती औषध होत नाही. तो शब्द विक्रीचा आहे, उपचाराचा नाही. आणि मध्यम म्हणजे तरी किती? पन्नास किलोच्या बाईला जी गादी कडक वाटते, तीच पंच्याण्णव किलोच्या माणसाला मऊ वाटते. म्हणून दुकानात चित्र पाहू नका. चप्पल काढा आणि नेहमीच्या कुशीवर दहा-पंधरा मिनिटं पडून राहा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

गादी कधी बदलायची? मध्ये खड्डा दिसत असेल, तुमच्या गादीवर उठताना कंबर धरते पण गावाला दुसऱ्या अंथरुणावर झोपलात की धरत नाही, असं पुन्हा पुन्हा घडत असेल, तर बदला. कापसाची असेल तर पिंजून घ्या, तेवढ्यानेही काम होतं. यातलं काहीच नसेल तर पैसे खिशात ठेवा.

"पण माझ्या मेहुण्याची कंबर नव्या गादीने बरी झाली!"

झाली असेल. पण साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच कमी होते. माणूस गादी कधी घेतो? दुखणं शिगेला पोचलेलं असतं तेव्हा. त्यानंतर ते उतरणारच होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, आणि श्रेय कावळ्याला. शिवाय हप्ते चालू असताना "उपयोग झाला नाही" असं म्हणणं कुणाला जमतं?

दुसरा युक्तिवाद आजोबांचा. "आमचे आजोबा जन्मभर घोंगडीवर झोपले, कंबर कधी दुखली नाही." आजोबा दिवसभर शेतात राबत होते, मैलोन्मैल चालत होते, आणि रात्री नऊला झोपत होते. तुम्ही त्यांची फक्त घोंगडी उचललीत. आणि दुखत नव्हतं हे कशावरून? आजी रोज रात्री कंबरेला तेल कशाला चोळत होती? जमिनीवर छान झोप लागत असेल तर जरूर झोपा. पण तो उपचार नाही. ज्यांचे गुडघे दुखतात किंवा तोल जातो, अशा वयस्कर माणसांना तर जमिनीवर झोपायला लावूच नका. रात्री उठताना पडले तर कंबर बाजूला राहील आणि खुबा मोडेल.

गादीवर बोलतो, झोपेवर नाही

माझा खरा राग इथे आहे. गादीसाठी चाळीस हजार मोजणारा माणूस त्याच गादीवर रात्री एकपर्यंत मोबाइल बघत, मान दुमडून, भिंतीला अर्धवट टेकून पडलेला असतो.

दुखण्याने झोप मोडते हे सर्वांना ठाऊक आहे. उलटंही तितकंच खरं आहे. झोप अपुरी झाली की वेदना सहन करण्याची ताकद घटते. जे दुखणं काल किरकोळ वाटलं, तेच आज असह्य वाटतं. मग त्या दुखण्याने पुन्हा झोप मोडते. हे चक्र गादीने तुटत नाही. ते तोडायला झोपेची आणि उठण्याची वेळ ठरवावी लागते, संध्याकाळनंतरचा चहा बंद करावा लागतो, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा लागतो. "दारूने झोप छान लागते" हाही भ्रम आहे. लागते लवकर, पण नंतर तुकड्या-तुकड्यांची होते. आणि तुम्ही मोठ्याने घोरत असाल, दिवसा पेंगत असाल, तर झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे का, ते तपासून घ्या.

झोपण्याची पद्धत सोपी आहे. कुशीवर झोपत असाल तर दोन्ही गुडघ्यांमध्ये एक उशी घ्या. पाठीवर झोपत असाल तर गुडघ्यांखाली उशी किंवा घडी केलेली चादर घ्या. पोटावर झोपल्याने मान रात्रभर एका बाजूला वळलेली राहते, म्हणून शक्यतो टाळा. झोपेत आपण अनेकदा कूस बदलतो, ते चांगलंच आहे. एकाच स्थितीत राहण्याची शिक्षा स्वतःला करू नका.

आणि सकाळची एक गोष्ट जपा. मणक्यांमधल्या चकत्या रात्रभर पाणी शोषून फुगतात, त्यामुळे सकाळी आपली उंची एखाद सेंटिमीटर जास्त भरते. या फुगलेल्या चकत्यांवर वाकताना ताण जास्त येतो. म्हणून कंबर दुखत असेल तर उठल्यावर पहिला तासभर खाली वाकणं टाळा. भरलेली बादली उचलणं, वाकून केर काढणं, उठल्या उठल्या सूर्यनमस्कार घालणं, हे सगळं थोडं उशिरा. अंथरुणातून सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा देत उठा. याला पैसे लागत नाहीत, म्हणून याची जाहिरातही होत नाही.

तीन गाद्या आणि चार वर्षं

आता ज्या पेशंटमुळे हा लेख लिहावासा वाटला, त्याच्याबद्दल. सत्तावीस वर्षांचा मुलगा, संगणकावर काम. कंबर दुखते म्हणून माझ्याकडे आला होता. दिवसभर बसून काम, दुसरं काय असणार, असं समजून मी त्याला गोळ्या दिल्या आणि कडक गादीवर झोपायला सांगितलं. हो, मीच. त्याने गादी घेतली. फरक पडला नाही म्हणून दुसरी घेतली, मग तिसरी. चार वर्षांनी तो परत आला तेव्हा मोजे घालायला पुरता वाकू शकत नव्हता.

या वेळी मी त्याला जे विचारलं, ते चार वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं. पहाटे तीन-चारला कंबर दुखून जाग येते का? येते. मग काय करतोस? हॉलमध्ये फेऱ्या मारतो, की बरं वाटतं. सकाळी अंग मोकळं व्हायला किती वेळ? तासभर. डोळा लाल होऊन दुखला होता का? दोनदा.

आरामाने वाढणारं आणि हालचालीने कमी होणारं दुखणं! ते गादीचं नसतं, सुजेचं असतं. त्याला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस निघाला. त्यात मणक्यांचे सांधे सुजतात आणि हळूहळू जुळून ताठ होऊ शकतात. आज त्यावर चांगली औषधं आहेत. तो आता संधिवाततज्ज्ञांकडे उपचार घेतो, कामावर जातो, रात्री झोपतो. पण जेवढा कणा ताठ झाला, तेवढा परत आला नाही. ती चार वर्षं गाद्यांनी खाल्ली आणि मी खाऊ दिली.

म्हणून खालीलपैकी काहीही असेल तर गादीच्या दुकानात जाऊ नका, डॉक्टरकडे जा:

- वय चाळिशीच्या आत, तीन महिन्यांहून जास्त दुखणं, सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त ताठरपणा, हालचालीने आराम
- कंबरदुखीबरोबर संध्याकाळचा ताप, वजन घटणं, भूक मरणं. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही आढळतो
- पूर्वी कॅन्सर झालेला असणं, किंवा कुठल्याही स्थितीत न थांबणारं रात्रीचं दुखणं
- उतारवयात किंवा बराच काळ स्टिरॉइड चालू असताना, किरकोळ पडल्यावर सुरू झालेलं दुखणं
- लघवी-शौचावरचा ताबा जाणं, बैठकीची जागा बधिर होणं, पायातली ताकद कमी होणं. यात उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा

मग पैसे कशावर खर्च करू?

चांगल्या बुटांवर. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाने हळूहळू चालणं वाढवणाऱ्या गटात दुखणं परत यायला साधारण २०८ दिवस लागले. काहीच न करणाऱ्या गटात ११२. चालण्याने जवळजवळ दुप्पट काळ सुखाचा मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या सूचनांतही माहिती आणि व्यायाम यांवर भर आहे, आणि कंबरेचे पट्टे नेहमीसाठी वापरू नका असं म्हटलं आहे.

रोज दहा मिनिटांपासून सुरुवात करा. दर आठवड्याला थोडं वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत पोचा.

आणि पुढच्या वेळी दवाखान्यात येताना गादीचा फोटो आणू नका. आठ दिवसांचा एक कागद आणा. त्यावर लिहा: रात्री किती वाजता झोपलो, दुखून किती वेळा जाग आली, सकाळी कंबर मोकळी व्हायला किती मिनिटं लागली. तुमचा डॉक्टर तो कागद न बघताच "कडक गादीवर झोपा" म्हणाला, तर नम्रपणे थांबवा आणि सांगा, "आधी हे वाचा."

मला कुणी असं थांबवलं असतं, तर बरं झालं असतं.