जालना रोडवरचे विमान

छत्रपती संभाजीनगरातल्या सर्वांत गजबजलेल्या रस्त्याचे नाव जालना रोड आणि चिकलठाणा विमानतळाचे फाटक याच रस्त्यावर आहे. जालन्याच्या मस्तगड भागातून पहाटे साडेचारला गाडी काढलेला बियाण्यांचा व्यापारी सरळ पश्चिमेला निघाला की तासाभरात तिथे टेकतो. संभाजीनगरच्या पश्चिमेला, वाळूज परिसरात राहणाऱ्याला मात्र तेच विमान गाठण्यासाठी अख्खे शहर ओलांडावे लागते. निवडणूक जवळ आली की प्रत्येक जिल्ह्याला स्वतःचे विमानतळ हवेसे वाटू लागते. जालन्याने या रांगेत उभे राहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपले विमानतळ आहे, ते आपल्याच नावाच्या रस्त्यावर आहे. आपल्याला मागायचे आहे ते वेळापत्रक.

चिकलठाण्याला काय कमी आहे? धावपट्टी सुमारे ९,३०० फुटांची आहे. देशांतर्गत मार्गांवरची एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ तिथे विनासायास उतरते. नवी टर्मिनल इमारत २००९ मध्ये वापरात आली. अजिंठा-वेरूळमुळे या गावाचे नाव जगाच्या नकाशावर आधीपासूनच आहे. इतके असूनही १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेज बंद पडली आणि या विमानतळावरची वर्दळ बघता बघता ओसरली. इमारत तीच, धावपट्टी तीच, बाके तीच; नव्हती ती विमाने. त्यानंतर नव्या कंपन्या आल्या, नवी शहरे जोडली गेली, काही मार्ग सुरू होऊन बंदही पडले. हवाई वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्चअखेरीस आणि ऑक्टोबरअखेरीस बदलते आणि दर वेळी मराठवाड्याच्या पोटात गोळा येतो: मुंबईचे सकाळचे विमान राहणार की जाणार?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. जालन्याहून मुंबईला जाणाऱ्या माणसाचे काम बहुधा दोन-तीन तासांचे असते. मंत्रालयातली एक बैठक, बँकेत एक सही, इस्पितळात एक तपासणी. सकाळी जाऊन रात्री घरी परतता आले तर विमान उपयोगाचे. दुपारी जाणारे विमान म्हणजे मुंबईत मुक्काम आला, हॉटेलचा खर्च आला आणि दुसरा दिवसही गेला. याचा अनुभव रेल्वेने आपल्याला दिलाच आहे. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, तेव्हा ती पहाटे पाचच्या सुमारास सुटून दुपारी बाराच्या आत मुंबईत पोचवत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत नेली गेली. नांदेडकरांना गाडी मिळाली, याचा आनंदच आहे. पण त्यामुळे ती जालन्यात सकाळी सातनंतर येऊ लागली आणि मुंबईत उतरेपर्यंत दुपार कलू लागली. डबे वाढले, वेग तोच राहिला. पण घड्याळ बदलले. आणि त्याच दिवशीचे काम त्या गाडीच्या हातून निसटले.

राज्यातल्या लहान विमानतळांची कथा याहून वेगळी नाही. सोलापूरचेच पाहा. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांना आडवी येते, म्हणून शहर वर्षानुवर्षे दोन तटांत विभागले गेले होते. १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडली. मात्र तिथून नव्याने नियमित विमान सुटले ते ९ जून २०२५ रोजी, तेही मुंबईला नव्हे, गोव्याला. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचे ९ ऑक्टोबर २०२१ रोजी वाजतगाजत उद्घाटन झाले. ‘उडान’ योजनेची तीन वर्षांची मुदत संपताच मुंबईचे विमान थांबले. नांदेडला गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने २००८ मध्ये चांगले विमानतळ मिळाले. किंगफिशर आली आणि गेली. पुढे ‘उडान’च्या पहिल्याच दिवशी, २७ एप्रिल २०१७ रोजी, नांदेड-हैदराबाद मार्गाला झेंडा दाखवला गेला, ती ट्रूजेट कंपनीही टिकली नाही. नांदेड, लातूर, धाराशिव, यवतमाळ आणि बारामती ही पाच विमानतळे २००९ मध्ये ९५ वर्षांच्या कराराने एका खासगी कंपनीकडे सोपवली गेली. नांदेड वगळता त्यांपैकी एकाही गावात नियमित प्रवासी विमानाने मूळ धरले नाही.

ही आमची कुरकुर नाही, महालेखापरीक्षकांचा हिशेब आहे. ‘उडान’च्या तिसऱ्या फेरीपर्यंत वाटलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान कधी उडालेच नाही. उडालेल्या ३७१ पैकी फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. मार्च २०२३ पर्यंत त्यांतले ५४ उरले होते, म्हणजे शंभरातले सात. अनुदानाच्या पाण्यावर वाढलेले रोप पाणी तोडताच सुकते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्या तीन वर्षांत मुळे खोल गेली का, हे पाहण्याची जबाबदारी मात्र कोणी घेतली नाही.

कंपन्यांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांचा हिशेबही समजून घ्यावा लागेल. विमान हवेत असते तेव्हा कमावते, जमिनीवर उभे असते तेव्हा खाते. मुंबईच्या धावपट्टीवर उतरण्या-उडण्याची वेळ मिळणे दुर्मीळ आणि ती वेळ दिल्लीच्या विमानाला दिली काय किंवा चिकलठाण्याच्या विमानाला दिली काय, खर्ची एकच पडते. मग तासाभराच्या मार्गासाठी सकाळची मोक्याची वेळ कोण देईल? म्हणून लहान गावांच्या वाट्याला उरलेसुरले येते: भर दुपारचे किंवा आठवड्यातून तीन दिवसांचे विमान. अशा वेळी विमान रिकामे जाते, रिकामे जाते म्हणून बंद होते आणि ‘प्रतिसाद मिळाला नाही’ असा शेरा गावाच्या माथी मारला जातो. न परवडणाऱ्या वेळेला मागणी कशी येणार, हे कोणी विचारत नाही.

चिकलठाण्याची धावपट्टी १२,००० फुटांपर्यंत वाढवण्याचा आणि त्यासाठी चिकलठाणा, मुकुंदवाडी, मुर्तिजापूर इथली १३९ एकर जमीन घेण्याचा प्रस्ताव आहे. शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक वसाहत पाहता उद्या मोठी विमाने यावीत, हे ठीकच. ज्यांची घरे आणि शेते त्यात जाणार, त्यांना आधी पूर्ण मोबदला मिळाला पाहिजे. पण आहे ती धावपट्टी दिवसाचे किती तास वापरली जाते, हा प्रश्न विस्ताराच्या फाइलखाली दबून जाऊ नये.

विमानतळाच्या सोयी कुंपणाच्या आत संपतात, हाही एक भ्रम आहे. त्याची किंमत याच ठिकाणी मोजली गेली आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी भर दुपारी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ११८ जणांना घेऊन मुंबईकडे झेपावत होते. धावपट्टी संपता संपता ते कसेबसे वर उचलले गेले. त्याच वेळी कुंपणापलीकडच्या बीड रस्त्यावरून रुईच्या गाठींनी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाची चाके त्या ट्रकला घासली, पुढे विमान विजेच्या तारांत अडकून कोसळले आणि ५५ जण दगावले. वैमानिकांनी विमान उचलायला उशीर केला, हे चौकशीत निघाले. विमानाच्या वेळेत रस्त्यावरची वाहतूक रोखली गेली नव्हती, हेही निघाले. मराठवाड्याचे रोजचे पीक वाहणारा एक ट्रक आणि एक विमान यांची वेळ चुकीच्या जागी जुळली. पुढे धावपट्टी वाढली. धडा मात्र आजही तोच आहे: आत काय आहे याइतकेच बाहेर काय चालले आहे, याचे भान हवे.

आज बाहेर काय हवे? पहिली गोष्ट साध्या लाल बसची. जालन्याहून येणारी एसटी विमानतळासमोरूनच सिडको बसस्थानकाकडे जाते. फाटकाशी थांबा मिळाला नाही तर प्रवाशाने खिडकीतून विमानतळ पाहायचे, सिडकोला उतरायचे आणि तेच अंतर रिक्षाने उलटे यायचे. विमानांच्या वेळांशी जुळणाऱ्या चार फेऱ्या आणि फाटकाशी हक्काचा थांबा, यासाठी ना भूसंपादन लागते, ना कोनशिला. दुसरी गोष्ट मालाची. जालन्याची सळई विमानाने जाणार नाही, हे उघड आहे. पण बियाण्यांचे नमुने, कारखान्याचा अडलेला सुटा भाग, औषधे जाऊ शकतात. या मालासाठी शीतगृह आणि ठरलेली वेळ हवी. डिसेंबर २०१५ मध्ये जालन्यात ड्राय पोर्टची पायाभरणी झाली, तेव्हापासूनचा काळ आठवला की नव्या कोनशिलेपेक्षा चालू फेरीचे मोल कळते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नवी मुंबईचे विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाले आहे. ‘मुंबईत जागा नाही’ ही सबब आता पूर्वीइतकी चालणार नाही. तिथल्या सकाळ-संध्याकाळच्या काही वेळा राज्यातल्या लहान शहरांसाठी राखून ठेवाव्यात, हा आग्रह राज्य सरकारने धरला पाहिजे. अनुदान द्यायचेच असेल तर ते सकाळी जाऊन रात्री परत आणणाऱ्या जोडफेरीला द्यावे, बारमाही हमी घेऊन द्यावे आणि तीन वर्षे संपण्याआधी ती सेवा पायावर उभी आहे की नाही, याचा हिशेब जाहीर करावा.

आसफजाहीच्या काळात, १७२५ मध्ये, जालन्यातला मस्तगडाचा कोट उभा राहिला. सत्ता दिसावी म्हणून तेव्हा बुरूज बांधत, आता टर्मिनल बांधतात. फीत कापून झाल्यावर तिथून कोण, केव्हा, कुठे जाऊ शकतो, हे पाहायला सहसा कोणी थांबत नाही. पुढच्या हंगामाचे हवाई वेळापत्रक निघेल तेव्हा जालनेकरांनी आणि त्यांच्या लोकप्रतिनिधींनी एवढेच तपासावे: सकाळचे मुंबई विमान आहे का, त्याच रात्री परतायला विमान आहे का आणि ते गाठायला पहाटे मस्तगडाजवळून एसटी सुटते का?