मुठीचा सालदार

दिवाळीच्या फराळाच्या ताटात भांडण वाढणारा पाहुणा कोणालाच आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही मी आज भांडायलाच बसलो आहे. माझे भांडण बॉक्सिंगशी मात्र नाही, हे अगोदरच सांगून टाकतो. नाहीतर अकोल्याचे माझे निम्मे मित्र इथेच अंक मिटून ठेवतील. अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत मुठी आवळायला शिकलेली पोरे आज देशभर लढतात. बुलढाणा जिल्ह्यातला अनंत चोपडे तिथलाच. २०१९ साली इंडोनेशियातल्या स्पर्धेत ५२ किलो वजनात त्याने सुवर्णपदक जिंकले. शेजारच्या नागपूरची अल्फिया पठाण २०२१ साली पोलंडात युवा गटाची जगज्जेती झाली. अशी बातमी आली की माझ्यासारख्या काडीपहिलवान मास्तराचीही छाती दोन बोटे फुगते.

माझे भांडण आहे ते एका वाक्याशी. चहाच्या टपरीवर, आखाड्याच्या ओट्यावर, आणि आता तर पालकसभेतसुद्धा ते ऐकू येते : "पदकात काय ठेवले आहे? पोराला धंदेवाईक करा, खरा पैसा तिकडे आहे!" २०१५ साली विजेंदर सिंग धंदेवाईक झाला तेव्हापासून या वाक्याला पंख फुटले. त्याच्या पाठीशी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचे पदक होते, देशभर नाव होते, हे बोलणारे विसरतात. आमच्या पोराच्या पाठीशी काय असते? चार एकर कोरडवाहू, आणि कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलेला बाप.

हौशी बॉक्सर आणि धंदेवाईक बॉक्सर हे एकाच झाडाचे दोन आंबे आहेत, असे पुष्कळांना वाटते. ते तसे नाही. हौशी सामना तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांचा. धंदेवाईकात अजिंक्यपदाचा सामना बारा फेऱ्यांचा, म्हणजे छत्तीस मिनिटांचा. पूर्वी तर पंधरा फेऱ्या असत. १९८२ साली अमेरिकेत किम डुक-कू नावाचा कोरियाचा तरुण चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत गेला, तेव्हा कुठे पंधराच्या बारा करण्याचे शहाणपण सुचले. एका जिवाची किंमत तीन फेऱ्या! हौशी पोराला प्रबोधिनी जेवू घालते, रेल्वे, पोलीस किंवा लष्कर नोकरी देते. धंदेवाईकाला मॅनेजर असतो.

आमच्या वऱ्हाडातली थोराड हाडाची पोरे, ज्वारीच्या भाकरीवर पोसलेली, ज्या वजनात बसतात त्या वजनाची गोष्ट मुद्दाम सांगतो. त्याला क्रूझरवेट म्हणतात. पूर्वी ७९ किलोच्या वरचा माणूस सरळ हेवीवेटमध्ये जाई आणि शंभर-शंभर किलोंच्या राक्षसांचा मार खाई. म्हणून १९७९-८० च्या सुमारास मधला एक गट काढण्यात आला. त्याची हद्द प्रथम १९० पौंड, म्हणजे ८६ किलो होती. आता ती २०० पौंड, म्हणजे सुमारे ९१ किलो आहे. हेतू चांगला होता. पण प्रेक्षक विचित्र! त्याला एकतर चपळ लहान माणूस पाहायचा असतो, नाहीतर डोंगराएवढा मोठा. मधल्याला तिकीट काढून पाहायला कोण येणार? त्यामुळे या गटातला जगज्जेतासुद्धा हेवीवेटच्या पैशाकडे डोळे लावून बसतो. युक्रेनच्या ओलेक्सांदर उसिकने २०१८ साली या गटाचे चारही पट्टे कमरेला बांधले, आणि लगेच वजन वाढवून तोही वर गेला.

या गटाने घडवलेला सर्वांत मोठा माणूस म्हणजे अमेरिकेचा इव्हँडर होलीफील्ड. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक, १९८६ साली पंधरा फेऱ्यांचा भयंकर सामना जिंकून क्रूझरवेटचा जगज्जेता, १९८८ पर्यंत त्या गटात त्याच्यासमोर उभे राहायला कोणी उरले नाही. मग तो हेवीवेटमध्ये गेला आणि १९९० साली तिथलाही राजा झाला. माईक टायसनने १९९७ साली ज्याचा कान चावला तो हाच. त्या एका रात्रीचे त्याला सुमारे साडेतीन कोटी डॉलर मिळाले असे म्हणतात. "बघा, मास्तर!" असे आता तुम्ही म्हणाल. बघतो ना! पण टाळ्या संपल्यावर मी घरी जात नाही, मी पुढचेही बघतो. २००४ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्याची अवस्था पाहून न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनी त्याला आपल्या राज्यात लढायला मनाई केली. तो दुसऱ्या राज्यात जाऊन लढला. पुढे अट्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत लढला. २०१२ साली त्याचे १०९ खोल्यांचे घर कर्जापायी गेले आणि आयुष्यभर जमवलेल्या वस्तू लिलावात निघाल्या. आणि २०२१ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, ज्या वयात आमच्याकडे माणूस नातवाला खांद्यावर घेऊन बैलपोळा दाखवतो त्या वयात, हा जगज्जेता पुन्हा रिंगणात उतरला आणि पहिल्याच फेरीत हरला. कोट्यवधी मिळवणाऱ्याची ही कथा. त्याच्याकडून मार खाऊन जे घरी गेले त्यांची नावेसुद्धा मला सांगता येत नाहीत, आणि आमचे पोर त्यांच्यातलेच एक होण्याचा संभव अधिक.

आता डोक्याविषयी. मी मॅट्रिक झालेला मास्तर, वैद्यकातले मला काय कळणार? पण हे कळायला डॉक्टर व्हावे लागत नाही. १९२८ साली अमेरिकेतल्या मार्टलँड नावाच्या डॉक्टरने जुन्या मुष्टियोद्ध्यांची चाल, त्यांचे अडखळते बोलणे आणि थरथरते हात पाहून लिहून ठेवले की हा दारूचा परिणाम नाही, डोक्यावरच्या ठोशांचा आहे. त्यानंतर पुष्कळ संशोधन झाले आणि गोष्ट पक्की होत गेली. माणूस आडवा पाडणारा एक ठोसा लोकांना दिसतो; मेंदू खातात ते रोजच्या सरावातले, न मोजलेले, हजारो लहान ठोसे. आणि त्याचे फळ दहा-वीस वर्षांनी पदरात पडते, जेव्हा मॅनेजरच्या वहीतून नाव केव्हाच पुसले गेलेले असते. तेव्हा नवऱ्याच्या हातातली चहाची बशी का हिंदकळते, तो पोरांवर विनाकारण का ओरडतो, परवाचे बोलणे आज का विसरतो, हे बघायला शिल्लक राहते ती त्याची बायको. स्वीडनने १९७० साली आणि नॉर्वेने १९८१ साली धंदेवाईक बॉक्सिंगवर कायद्याने बंदी घातली होती. दोन्ही देशांनी ती पुढे उठवली, हेही सांगितले पाहिजे. पण घातली तेव्हा ते काही भित्र्यांचे देश नव्हते.

"मग आपल्या आखाड्यांत तरी पहिलवानाचे काय भले होत होते?" असा टोला कोणी मारील. टोला बरोबर बसतो. जुन्या काळी राजे पहिलवान पोसत, खुराक देत. पण राजा गेला की खुराक गेला. जगाला लोळवणारा गामा १९६० साली लाहोरात हलाखीत वारला. आमच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! पण त्यांना तिकडे पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांना स्वतःचे घर गहाण टाकावे लागले. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, त्यांच्या अपघाती मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. पंजाबचा कौर सिंग १९८० साली दिल्लीत खुद्द महंमद अलीसमोर प्रदर्शनी सामन्यात उभा राहिला, १९८२ च्या एशियाडात सुवर्णपदक मिळवून आला. म्हातारपणी त्याला औषधोपचारासाठी कर्ज काढावे लागले. तेव्हा हौशी खेळाची मी आरती ओवाळतो आहे असे समजू नका. शाल, श्रीफळ आणि हार घेऊन व्यासपीठावर चढणारी आपली समाजमंडळी मला चांगली ठाऊक आहेत. बॉक्सरबरोबर फोटो काढायला सगळे पुढे, पण मुलगी द्यायची वेळ आली की, "मुलगा चांगला आहे हो, पण करतो काय?"

तो करतो काय, या प्रश्नाचे उत्तर आमच्या वऱ्हाडातच एका संस्थेने कधीचे देऊन ठेवले आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी उभे केले. त्याचे खेळाडू १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवून आले. पण मला त्या बर्लिनपेक्षा मोठी गोष्ट वाटते ती दुसरीच. मंडळाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. तिथे अंग कमावलेली पोरे गावोगावच्या शाळांत व्यायामशिक्षक झाली. पंचविशीत कमावलेले शरीर पन्नाशीपर्यंत शिट्टी वाजवून भाकर मिळवील, अशी सोय झाली. आमच्या शाळेतले पी.टी.चे मास्तर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या हातात पेन्शनचा कागद होता, आणि हात थरथरत नव्हता.

मागच्या पावसाळ्यात माझ्या हाताखालून गेलेल्या एका पोराचा बाप घरी आला. पोरगा एकोणीस वर्षांचा, वजन ८६ किलो, दोन्ही हातांत सारखा जोर. बापाने धोतराच्या सोग्यातून घडी घातलेला कागद काढला.

"गुरुजी, पोरगं ऐकूनच नाही राह्यलं. म्हणते मुंबईले जातो. त्या मानसानं हा कागद देल्ला, इंग्रजीत हाय. तुमी वाचा अन् सांगा, सही करू का नोको?"

मी दोन रात्री शब्दकोश घेऊन तो कागद वाचला. करार पाच वर्षांचा. वाढवायचा की नाही हे ठरवणार दुसरा पक्ष. सामन्याच्या पैशातून तिसरा हिस्सा मॅनेजरचा, दहावा हिस्सा शिकवणाऱ्याचा. परदेशातही अशीच चाल आहे असे कळले, म्हणून तेवढ्यावर मी डोळे वटारले नाहीत. पण राहणे, जेवण, प्रवास, हातमोजे, डॉक्टर, सगळा खर्च पोराच्या नावावर उसना लिहायचा आणि उरलेल्यातून आधी तो कापायचा. मी पाटीवर हिशेब मांडून दाखवला. शंभर रुपये आले तर तेहेतीस तिकडे, दहा तिकडे, उरले सत्तावन्न, त्यातून खोलीभाडे आणि अंडी-दूध. सामना झालाच नाही तर उसने वाढत जाणार. आणि दुखापत झाली तर? त्याला एकच ओळ होती : ती पोराची स्वतःची जबाबदारी.

बाप पाटीकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे हे सालदारकीच झाली की, गुरुजी."

मला दोन रात्रींत जे सुचले नाही ते त्याला एका क्षणात सुचले, कारण तो स्वतः अकरा वर्षे सालदार होता. उचल घ्यायची आणि वर्षभर राबायचे, हे त्याने भोगले आहे. पण सालदाराचे साल पाडव्याला संपते. त्या दिवशी मालक हिशेब करतो, पटले नाही तर सालदार दुसरे घर धरतो, आणि बैलाने शिंग मारले तर निदान गावच्या लाजेने का होईना, मालक दवाखान्यात नेतो. या नव्या सालदारकीत पाडवाच नाही.

मी बंदी मागत नाही. बंदी घातली की धंदा चोरून चालतो, हे आपण दारूबंदीत पाहिले आहे. मी मागतो ते फार साधे आहे आणि म्हणूनच कोणी द्यायला तयार होणार नाही. पोराच्या हाती पडणारा करार मराठीत असावा आणि बापाला वाचून दाखवल्याशिवाय त्यावर सही होऊ नये. पहिल्या सामन्याआधी मेंदूची तपासणी व्हावी, पुढे दरवर्षी व्हावी, आणि तिचा खर्च तिकिटे विकणाऱ्याने सोसावा. पोराच्या उसन्यात तो लिहू नये. प्रत्येक तिकिटातला ठरावीक भाग अशा निधीत जावा की ज्याला मॅनेजरचा हात लागणार नाही. वकील, डॉक्टर, बँकेचा माणूस, तिघेही अकोल्यात आणि अमरावतीत गल्लोगल्ली आहेत. सत्काराच्या मांडवाला जेवढी वर्गणी निघते तेवढ्यात त्यांची फी भागेल. आणि घरातल्या बायांना माझे सांगणे आहे की पोराचे वजन किती आणि ठोसा कसा हे विचारून झाले की, त्या कागदात काय लिहिले आहे हेही विचारा. तुमच्यासमोर खोटे बोलणे त्या पाहुण्याला जड जाईल.

तो पोरगा हल्ली शाळेसमोरून जाताना मान वळवतो. मास्तराने आपले नशीब अडवले, असे त्याला वाटते. एकोणिसाव्या वर्षी मलाही तसेच वाटले असते. पहाटे तो पोलीस भरतीच्या पोरांबरोबर धावतो आणि संध्याकाळी झाडाला पोते टांगून ठोसे मारतो, असे ऐकतो. कागद अजून त्यांच्या घरी देवाच्या फोटोमागे बिनसहीचा खोचलेला आहे. मराठी प्रत येईपर्यंत तो तिथेच राहील, असे बापाने त्या मुंबईच्या माणसाला कळवले आहे. त्याला आता चौथा महिना लागला, आणि उत्तर आलेले नाही.