आधी शिकवणी, मग चष्मा, रॉड सर्वांत शेवटी

आठवडाभर संगणकासमोर बसणाऱ्या आपल्या मंडळींना मोकळ्या हवेतला एखादा छंद हवा, याबद्दल दुमत नसावे. ट्राउटचे फ्लाय फिशिंग हा तसा छंद आहे. पण ‘तो श्रीमंतांचा खेळ’ म्हणून आपण त्याकडे पाठ फिरवतो. माझ्या मते खर्च वाढतो तो खरेदीचा क्रम चुकल्यामुळे.

इंग्लंडमधील पाणीपुरवठ्याच्या जलाशयांवर सामान्य माणसालाही दिवसाचे तिकीट काढून मासे धरता येतात. ब्लॅग्डनवर १९०४ पासून आणि च्यू व्हॅलीवर १९५७ पासून ही सोय आहे. १९७० च्या दशकात बांधलेले रटलंड वॉटर तर सुमारे ३,००० एकरांचे आहे. जितके दिवस जाल तितकेच पैसे. व्यायामशाळेची वर्गणी मात्र गेलो नाही तरी बँकेतून कापली जातेच!

तिकिटाखेरीज सरकारी रॉड लायसन्सही हवे. १३ ते १६ वर्षांच्या मुलांना ते फुकट मिळते, पण काढावे लागतेच. लायसन्स नसल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

पहिला खर्च शिकवणीवर करावा. पिसे व धाग्यांनी मढवलेल्या गळाला वजन जवळजवळ नसते. वजन दोरीला असते आणि तीच गळाला पुढे नेते. हे तंत्र हातात बसेपर्यंत महाग रॉड आणि स्वस्त रॉड सारखेच. मोठ्या जलाशयांवर सामान भाड्यानेही मिळते.

दुसरा खर्च सुरक्षिततेचा. उजव्या हाताने दोरी फेकताना वारा उजवीकडून आला की गळ तोंडावर येतो, म्हणून चष्मा व टोपी हवीच. नावेत लाइफ जॅकेट काढू नये. १५ अंश सेल्सियसहून थंड पाण्यात अचानक पडल्यास पट्टीच्या पोहणाऱ्यालाही श्वास आवरत नाही. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. विजेच्या तारांजवळ तो उभारू नये आणि गडगडाट सुरू होताच खाली ठेवावा. मुंबईच्या पावसाळ्यात ज्या लेप्टोची धास्ती असते, तो आजार इथल्या पाण्यातूनही होऊ शकतो. तेव्हा जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी आणि डबा उघडण्यापूर्वी हात धुवावेत.

मासे खाणाऱ्या घरांना आणखी एक लाभ आहे. आठवड्यातून दोनदा मासे खावेत आणि त्यांपैकी एकदा तेलकट मासा असावा, असा एनएचएसचा सल्ला आहे. ट्राउट हा तेलकट मासाच. मात्र गरोदर स्त्रियांनी असे मासे आठवड्यातून दोनदाच, तेही प्रत्येक वेळी शिजवलेले १४० ग्रॅमच्या आसपास, खावेत.

येत्या मोसमात एक शिकवणी आणि दोन-तीन दिवसांची तिकिटे, एवढेच करून पाहा. मुलांनाही न्या. त्यानंतर ओढ टिकली तर खुशाल रॉड विकत घ्या. नाही टिकली, तर निदान गॅरेजमध्ये धूळ खात पडायला काही उरणार नाही.