माळाची आणेवारी

श्रावणात पुण्याहून हिरवाई बघायला निघालेली गाडी मुळशी नाहीतर लोणावळ्याकडे वळते. शिरूर-दौंडच्या माळाकडे माणसं जातात ती लग्नाला, नाहीतर रांजणगावच्या एमआयडीसीत. ही आवडनिवड उपजत आहे असं आपण धरून चालतो. मला तिच्यात महसुलाचा हात दिसतो.

गोल्डस्मिड आणि विंगेट या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनी १८३६च्या सुमारास इंदापुरातून जी मोजणी सुरू केली, तिच्यात मातीचा रंग आणि खोली पाहून जमिनीची प्रत ठरू लागली. खोल काळीला १६ आणे. उथळ बरड उतरत उतरत २ आण्यांवर. नांगर चालेना ती खराबा. त्या हिशेबात गवत बसेना. गंमत अशी, की कंपनीच्या घोडदळाची छावणी मात्र शिरूरला, घोडनदीकाठच्या उघड्या मुलखात होती. खोगिरावरून माळ बरा दिसत असावा!

धनगराला तो कधीच ओसाड वाटला नाही. पावसाबरोबर पवना, मारवेल, कुसळी ही गवतं वर येतात. दिवाळीच्या सुमारास कुसळं घोंगडीत अशी रुततात की एकेक उपटावं लागतं. तोवर धनगरांचे वाडे मेंढरांसह कोकणाच्या वाटेला लागतात. आणि हा माळ म्हणजे तोडलेलं जंगल, हीही समजूतच. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुनं मराठी वाङ्मय त्यातल्या झाडाझुडपांसाठी वाचलं. २०२५च्या त्यांच्या निबंधाप्रमाणे पश्चिम महाराष्ट्रातला हा गवताळ, काटेरी मुलूख किमान ७५० वर्षं असाच आहे.

मग पाटाचं पाणी आलं. मुठेचा कालवा दौंडात उतरला, पुढे घोड आणि चासकमानचं पाणी शिरूरला मिळालं. ऊस उभा राहिला आणि ‘तालुका हिरवा झाला’ असं म्हणायची रीत पडली. १८७६ आणि १९७२चे दुष्काळ सोसलेल्या घरांनी त्या हिरव्यावर जीव लावला, त्यात चूक काही नाही. पण हिरवं तेवढं चांगलं, हे माप आपण माळालाही लावलं. आज शिरूरच्या उसात बिबट्याची मादी विते, माणसं अंधार पडायच्या आत घर गाठतात; आणि लांडगा-चिंकारा उरल्यासुरल्या गायरानात. तिथेही समतल चर खणून गिरिपुष्प लावायचा उत्साह असतो. फोटोत ते छान दिसतं. चिंकाऱ्याला मात्र लांडगा दुरून दिसावा एवढी मोकळी जागा लागते. तिच्यासाठी कुठल्याच योजनेत रकाना नाही.