‘बसतंय की मालक!’ पण ब्रेकचं काय?

संध्याकाळी सात रस्त्यावर दहा मिनिटं उभं राहा आणि जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांकडं बघा. साध्या हॅचबॅकला भलत्याच गाडीची मॅगव्हील्स. दिसायला एकदम झकास. पण आत ब्रेकला जागा किती उरलीय, हे ना मालकाला माहीत, ना बसवून देणाऱ्याला.

हा शहाणपणा मीही केलाय, म्हणून लिहितोय.

मागच्या वर्षी जुन्या मालातली 14 इंची मॅगव्हील्स स्वस्तात मिळाली. दुसऱ्या मॉडेलची होती, पण चार भोकं बरोबर जुळली. पुढचं चाक हातानं फिरवलं तर ‘खर्र’ आवाज. कॅलिपर रिमला घासत होता. बसवणारा म्हणाला, “काय होत नाही ओ मालक, कॅलिपरला जरा ग्राइंडर मारतो.” ब्रेकचा पार्ट घासायचा? मी नको म्हणालो. मग त्यानं स्पेसर टाकला. “बघा, बसतंय की!” मीही मान डोलावली. दिवसभर लोकांना प्रश्न विचारून पोट भरणारा माणूस मी, तिथं मात्र एक प्रश्न विचारला नाही.

तीन महिन्यांनी ब्रेक पॅड बदलले. त्यानंतर आईला घेऊन तुळजापूरला निघालो. तामलवाडीच्या अलीकडं पुढच्या चाकातून कर्कश आवाज सुरू झाला. चाक खोललं, तर रिमला आतून गोल चर पडलेला. पुढं घाट होता आणि मागच्या सीटवर आई बसली होती. त्या रात्री मला झोप आली नाही.

नंतर एका जाणत्या मेस्त्रीनं कारण सांगितलं. पॅड झिजतात तसं कॅलिपर आत सरकतं, रिमपासून लांब जातं. नवे पॅड टाकले की ते पुन्हा बाहेर येतं. म्हणजे झिजलेल्या पॅडवर ‘बसतंय’ ते नव्या पॅडवर बसेलच असं नाही. किती जणांना हे सांगून चाक विकलं जातं?

‘भोकं जुळली म्हणजे चाक जुळलं’ हे साफ खोटं आहे. मारुती स्विफ्टची चार भोकं 100 एमएमच्या वर्तुळावर, फोर्ड फिगोची 108 वर. तिथं निदान चाक बसतच नाही, त्यामुळं माणूस वाचतो. खरा धोका ‘बसतं’ तिथंच आहे. 14 इंच हा आकडा टायर बसतो त्या कडेचा. रिमची आतली पोकळी आणि काड्यांची पाठ प्रत्येक डिझाइनला वेगळी. ऑफसेट वेगळा, मधलं भोक वेगळं. होंडाच्या मूळ रिमला नटाची बैठक गोल, मारुतीला निमुळती. चुकीचा नट वरवर घट्ट लागतो आणि पुढं ढिला होतो. स्पेसर टाकला की नटाला आटे कमी मिळतात. 12 एमएमच्या बोल्टवर नट निदान 12 एमएम तरी चढायला पाहिजे. आतून चिकटवलेलं बॅलन्सिंगचं वजनसुद्धा कॅलिपरला लागू शकतं.

आता कायदा. कंपनीनं मुळात दिलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागं 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. कलमात मालक आहे. ग्राइंडर हातात धरणारा कुठंय? आणि तपासतं कोण? खासगी कारला 15 वर्षं फिटनेस तपासणीच नाही. चौकात काळ्या काचा दिसतात, नंबरप्लेट दिसते. रिमच्या आत कोण वाकून बघतो? जानेवारीत रस्ता सुरक्षेचे फलक लागतात, त्यात चाकाचं नावसुद्धा नसतं.

काहीजण म्हणतील, गरिबानं हौस करायचीच नाही का? जरूर करा. जुनी घ्या, पण आपल्याच मॉडेलची, कंपनीनं त्या गाडीला दिलेल्या मापाची घ्या. आयएसआय चिन्ह बघा, तडे बघा. टायर चढवण्याआधी नुसतं रिम लावून हातानं पूर्ण फेरा फिरवा. कॅलिपरवर पोरांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा चिकटवा. किती दबला ते बघितलं की फट कळते. तीन एमएमपेक्षा कमी असेल तर सरळ परत करा.

दुकानदारांना एकच मागणी: बिलावर पीसीडी, ऑफसेट, मधल्या भोकाचं माप आणि ‘कॅलिपरची फट तपासली’ असं लिहून सही करा. लिहून देता येत नसेल, तर ‘बसतंय’ म्हणू नका.

ती चार मॅगव्हील्स माझ्या घरी माळ्यावर पडून आहेत. विकायचीत का, असं तिघांनी विचारलं. नाही विकणार. दुसऱ्याची आई मागच्या सीटवर असेल.

पटलं तर पुढं पाठवा. आणि तुमच्याकडं कुणी कॅलिपरला ग्राइंडर मारला असेल तर खाली लिहा, लाजू नका. मीही लाजलो नाही.

#सोलापूर #सातरस्ता