ज्यूरी होती, खुनी मात्र दुसराच

संपादक महाशय,

१९५८च्या मुंबईतल्या खटल्यात ज्यूरी दाखवली, हा माझ्या रहस्यकादंबरीतला कालविपर्यास असल्याचे आपले परीक्षक लिहितात. नानावटी खटला १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीसमोरच चालला. तिने ८ विरुद्ध १ मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना ते पटले नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. ज्यूरीची तरतूद वगळली ती १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने.

निवेदकच खुनी, ही क्लृप्ती म्हणे मी अगाथा ख्रिस्तींच्या १९२६च्या कादंबरीतून उचलली. माझा निवेदक खुनी नाही. रहस्य फोडल्याची तक्रार करावी, तर परीक्षकांनी फोडले ते माझे नव्हेच! खरा खुनी शेवटच्या प्रकरणात आहे. ते वाचावे.

आपला,
सदर कादंबरीचा लेखक