हॉल तोच राहील



मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम नेहमीच्याच चर्चच्या हॉलमध्ये होणार आहे. चर्चच्या दारावरच्या कागदाचा फोटो कुणीतरी मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि पुढे काय झाले ते सर्वांनी वाचलेच आहे. त्या कागदात एवढेच म्हटले आहे, की आतली जागा खासगी आहे. न्यायाधीशाच्या सहीचे वॉरंट असल्याशिवाय इमिग्रेशन अधिकाऱ्यांनी आत येऊ नये. काहींचे म्हणणे पडले, आपण कशाला नजरेत भरायचे, शाळेचा हॉल घ्या. उलट काहींनी आग्रह धरला, की चर्चच्या या निवेदनावर मंडळाने सही करावी.

दोन्ही मागण्या मान्य झाल्या नाहीत. सर्वांच्या वतीने अशी सही करण्याचा अधिकार मंडळाच्या घटनेने कार्यकारिणीला दिलेला नाही. वैयक्तिक सही ज्याने त्याने जरूर करावी.

हॉल न सोडण्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवे. चर्च, शाळा, इस्पितळे इथे धरपकड टाळावी हा जुना दंडक अमेरिकी सरकारने जानेवारी 2025 मध्ये काढून टाकला. त्याच आठवड्यात वॉशिंग्टनच्या कॅथीड्रलमध्ये बिशप मॅरिॲन बडी यांनी समोर बसलेल्या राष्ट्राध्यक्षांना, घाबरलेल्या लोकांवर दया करा, अशी विनंती केली. क्वेकर मंडळी कोर्टात गेली आणि फेब्रुवारीत त्यांना आपल्या प्रार्थनास्थळांपुरता तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. त्या दाव्यात सॅक्रामेंटोचा गुरुद्वाराही सामील होता, तेव्हा ‘ही ख्रिश्चनांची आपसातली भानगड’ हा मुद्दा टिकत नाही. नोव्हेंबरात अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी बाल्टिमोरला सरसकट हद्दपारीविरुद्ध निवेदन मंजूर केले. बाजूने 216 मते, विरुद्ध 5. (आपल्याकडे बटाटेवडा की साबुदाणावडा यावरही इतके एकमत होत नाही.) अर्थात सगळे ख्रिस्ती असेच बोलतात असे नाही. गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी बहुसंख्यांनी याच सरकारला निवडून दिले, आणि त्या कागदावरून आपल्या या चर्चमधलीही काही कुटुंबे दुरावली आहेत. तरी त्यांनी कागद काढला नाही.

‘आम्ही रीतसर आलो, आमचा काय संबंध?’ असे ज्येष्ठ सभासद विचारतात. रीतसर आलो हे खरेच. पण फेब्रुवारी 2025 मध्ये अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानात बेड्या घालून आणलेल्या 104 भारतीयांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. नियम मोडणाऱ्याला परत पाठवावे की नाही यावर मतभेद असू देत. बेड्यांवर तरी नसावेत. आणि परक्यांना आसरा देणे आपल्यालाही नवे नाही. कोल्हापूरकरांना त्यांच्याजवळचे वळिवडे नव्याने सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात सुमारे 5,000 पोलिश निर्वासित तिथे येऊन राहिले होते.

शिवाय, हॉलच्या ज्या स्वयंपाकघरात आपण वडे तळतो त्याच्या खाली, तळघरात, चर्चचे शिधावाटप चालते. पूर्वी शनिवारी दारात रांग लागायची. आता रांगेत उभे राहायला लोक धजत नाहीत, म्हणून स्वयंसेवक पिशव्या भरून घरोघरी पोचवतात. पिशवीवर नाव नसते, फक्त घरातल्या माणसांचा आकडा. आपल्यातलेही काही जण हे काम करतात. त्यांनी ते कधी ग्रुपवर टाकले नाही, म्हणून इथे सांगितले.

ग्रुपवर लिहिणाऱ्यांचा उत्साह पाहून आम्ही खास सभा बोलावली. आले सतरा जण, त्यात कार्यकारिणीच निम्मी. गणपूर्तीअभावी अर्धा तास थांबून, नियमाप्रमाणे तीच सभा पुन्हा सुरू करावी लागली. निर्णय त्या सभेचा आहे. न आलेल्यांनी तो आता निदान चालवून घ्यावा.

संक्रांतीला येताना इच्छा असल्यास तांदळाची किंवा डाळीची एक न उघडलेली पिशवी आणावी. सक्ती नाही, नोंदही ठेवली जाणार नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-वडिलांची कागदपत्रे हाताशी असू द्यावीत. शंका असेल तर वकिलाला विचारावे, ग्रुपला नव्हे. गाड्या मागच्या बाजूला लावाव्यात, कारण पुढची जागा शिधा नेणाऱ्या गाड्यांसाठी लागते. वडे तळायला अजून चार जण हवेत. नावे सचिवांकडे द्यावीत, आणि दिल्यावर यावेही.